सावलीवरून उंची

वरून पाहिलं तर मनोरा उंच नसतोच.
नुसती एक फुली असते,
भांडुपच्या मिठागरात कुणीतरी गिरवून सोडून दिलेली.
उंची कळते सावलीवरून.
सकाळी साडेआठची सावली, लांब, जाळीदार,
तीन वाफे ओलांडून चौथ्यात गेलेली,
मिठाच्या ढिगावर जराशी मोडलेली.
तिला मापायचं, सूर्याचा कोन भरायचा,
मग यंत्र सांगतं : मनोरा चारशे सतरा, बेचाळीस मीटर.
मी म्हणते, बरं.

खरं काम चौकटी आखायचं.
पावाच्या भट्टीवरचा गाळा, सहा खुर्च्या,
माझी आणि निलोफरची खिडकीकडची.
ड्रोनचे फोटो येतात दिवसाला चारशे,
यंत्र आधी ओळखून ठेवतं,
जिथे बिचकतं तिथे आम्ही.
इन्सुलेटर हिरवा. क्रॉसआर्म निळा. गंज लाल.
तारेला चौकट नसते, तारेला ठिपके,
ठिपक्यांवरून तिचा झोळ काढतात,
झोळावरून खालच्या तिवरांचं अंतर.
निलोफर त्याला झोल म्हणते
आणि भोईर काका दरवेळी चिडतात :
"झोल माणसं करतात, पोरी. तार फक्त दमते.
मे महिन्यात दुपारी जाऊन बघ, हातभर खाली आलेली असते."
त्यांनी एकतीस वर्षं याच लाइनवर
पाइपाच्या पाण्यानं चिनीमाती धुतली,
खाडीचा खार बसू नये म्हणून.
आता गुडघे गेले. आठवड्यातून दोनदा येतात,
आमच्या चुका बघायला.

यंत्राच्याही चुका असतात, पण ते लाजत नाही.
कावळ्यानं बांधकामावरच्या तारा पळवून घरटं केलं,
यंत्र म्हणालं, तुटका कंडक्टर, खात्री अठ्ठ्याऐंशी टक्के.
आम्ही ते 'इतर'मध्ये टाकलं.
'इतर'मध्ये माझा जीव रमतो :
पतंग, मांजा, एकदा एक लाल ओढणी,
भर उन्हात पंख पसरून बसलेला पाणकावळा.

चारशे सतरावर, अगदी वरच्या क्रॉसआर्मला,
यंत्रानं एक जास्तीचा इन्सुलेटर धरला.
चार चकत्या, एकाखाली एक, लकाकणाऱ्या.
खात्री एकसष्ट.
मी मोठं करून पाहिलं. अजून मोठं.
तो डबा होता. चार पुडांचा, स्टीलचा,
सुतळीनं टांगलेला.
आणि त्याच्या वर, शेंड्यावर, 
पट्टा अडकवून बसलेला माणूस,
गुडघ्यावर रंगाचे चंदेरी डाग,
हातात पोळीचा तुकडा.
तोंड वर. थेट माझ्याकडे.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं.
"रंगारी. लाइन बंद ठेवली असेल त्या दिवशी.
न्याहारीला खाली उतरायचं म्हणजे
पुन्हा चढायला पोटातलं सगळं जिरतं."
एवढंच बोलले, आणि बराच वेळ
तसेच वाकून राहिले.

नियम स्पष्ट आहे. माणूस दिसला तर पुसायचा.
माणसाला रंग नाही आमच्या यादीत.
मी पुसला.
जिथे तो होता तिथे यंत्रानं
आजूबाजूचं मीठ पसरवून टाकलं, बेमालूम.
डबा 'इतर'मध्ये गेला.

तीन दिवसांनी फाइल परत आली.
मनोरा चारशे सतरा : जुन्या नकाशात एक्केचाळीस मीटर,
तुमच्याकडे बेचाळीस. फरकाचं कारण द्या.
मी पुन्हा सावली उघडली.
तीन वाफे, चौथा वाफा, मिठाचा ढीग,
आणि जाळी जिथे संपते तिथे
एक लहानसा गोळा, 
किंचित पुढे झुकलेला, घास घेताना झुकतात तसा.
त्याला पुसायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

शेऱ्याच्या रकान्यात पन्नास अक्षरं मावतात.
मी लिहिलं : मनोरा एक्केचाळीसच.
वरचा एक मीटर जेवतो आहे.